साथीचे वाद्य, एकट्याचा प्रवास

दक्षिण स्पेनमधील आंदालुसिया या प्रांतात फ्लामेंको गिटार शिकण्यासाठी परदेशी विद्यार्थी येण्याची परंपरा आता साठ वर्षांहून जुनी झाली आहे, आणि त्यांतील अनेक जण एकेकटेच येतात, कारण एका वाद्यापायी काही आठवडे किंवा महिने परमुलखात घालवण्यास तयार असलेला सोबती सहसा मिळत नाही. ज्या गिटारचा ध्यास घेऊन हे विद्यार्थी घर सोडतात, ती मात्र मुळात एकट्याने वाजवायची नाही. गायक, नर्तक आणि टाळ्यांचा ठेका धरणारे यांच्या मेळ्यात वाढलेले ते साथीचे वाद्य आहे. फ्लामेंको म्हणजे वेगवान बोटांचे एकल गिटारवादन, असा समज ध्वनिमुद्रिकांमुळे आणि अलीकडे चित्रफितींमुळे जगभर रूढ झाला असला, तरी बोटांची तयारी विद्यार्थ्याला घरी बसूनही बरीचशी करता येते. साथ करण्याचे ज्ञान मात्र तेथील माणसांत बसल्याखेरीज येत नाही. परदेशी जाण्याचा खर्च आणि खटाटोप सार्थ ठरतो तो या ज्ञानासाठी, आणि म्हणून प्रवासाची आखणीही याच हेतूने व्हायला हवी.

फ्लामेंको ही कला आंदालुसियातील हितानो, म्हणजे स्पेनमधील रोमा लोक, आणि त्यांच्या शेजारी राहणारे इतर कष्टकरी यांच्या दीर्घ सहवासातून घडली. कादिस, हेरेस दे ला फ्रोंतेरा आणि सेव्हिया शहरातील त्रियाना ही वस्ती, एवढ्या पट्ट्यात तिची जुनी कुटुंबे नांदली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ‘काफे कांतांते’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या, खाणेपिणे आणि गाणेबजावणे एकाच छताखाली चालणाऱ्या जागांमधून तिला व्यावसायिक रंगमंच लाभला, आणि २०१० मध्ये युनेस्कोने मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत तिचा समावेश केला. कांते म्हणजे गायन, तोके म्हणजे गिटारवादन आणि बायले म्हणजे नृत्य ही तिची तीन प्रमुख अंगे. त्यांना पाल्मास, म्हणजे तालात दिलेल्या टाळ्या, आणि हालेओ, म्हणजे कलावंताला उत्तेजन देणारे दादेचे उद्गार, यांची जोड असते. या सर्वांत जाणकारांच्या लेखी पहिला मान गायनाचा आहे. मानुएल दे फाया हा संगीतकार आणि फेदेरिको गार्सिया लोर्का हा कवी यांच्या पुढाकाराने १९२२ मध्ये ग्रानादा येथे जी प्रसिद्ध स्पर्धा भरली, तीही ‘कांते होंदो’ची, म्हणजे खोल, गंभीर गायनाची होती.

या कलेचा कणा म्हणजे कोंपास. कोंपास म्हणजे तालाचे आवर्तन, पण केवळ मात्रांची मोजणी नव्हे. कोणत्या मात्रेवर आघात, कोठे स्वरमेळ बदलायचा आणि कोठे वाक्य मिटवायचे, याची सगळी शिस्त त्यात येते. फ्लामेंकोतील रचनाप्रकारांना ‘पालो’ म्हणतात आणि प्रत्येक पालोचा कोंपास ठरलेला असतो. सोलेआ हा विलंबित, गंभीर प्रकार बारा मात्रांचा असून त्यात तिसऱ्या, सहाव्या, आठव्या, दहाव्या आणि बाराव्या मात्रेवर आघात येतो, म्हणजे विभागणी तीन, तीन, दोन, दोन, दोन अशी पडते. कादिसकडील आलेग्रियास हा प्रसन्न प्रकार याच विभागणीचा. बुलेरिया हा द्रुत प्रकारही बारा मात्रांचाच, पण त्याची मोजणी बाराव्या मात्रेपासून सुरू करण्याची रीत आहे. आणि सेगिरिया या शोकगंभीर प्रकारात तीच बारा मात्रांची साखळी निराळ्या ठिकाणी सुरू होऊन दोन, दोन, तीन, तीन, दोन अशी चालते. हिंदुस्थानी संगीताच्या श्रोत्याला बारा मात्रा म्हटले की एकताल किंवा चौताल आठवतो, पण या साम्याने फार हुरळून जाण्यात अर्थ नाही. आपल्याकडे पहिली मात्रा ही सम असते आणि गायकवादक तिच्यावर येऊन मिळतात. सोलेआत मात्र वाक्य दहाव्या मात्रेवर मिटते आणि अकरावी व बारावी या दोन मात्रा श्वासासारख्या मोकळ्या राहतात. एकतालात मुरलेल्या कानाला ही सवय लागायला वेळ लागतो, आणि ती पुस्तकातून लागत नाही. अनेक वडीलधारे वादक म्हणूनच नव्या विद्यार्थ्याच्या हातून गिटार बाजूला ठेववतात आणि त्याला आधी टाळ्या द्यायला बसवतात. या टाळ्यांचेही दोन प्रकार आहेत: ओंजळीसारखे खोलगट तळवे एकमेकांवर आपटून काढलेल्या मंद टाळ्या गायन चालू असताना देतात, तर एका हाताची बोटे दुसऱ्या तळव्यावर मारून काढलेल्या खणखणीत टाळ्या नृत्याच्या आणि जोशाच्या जागी येतात. केव्हा कोणत्या टाळ्या द्यायच्या हे ज्याला कळले, त्याला गायनाची रचना कळू लागली असे समजायला हरकत नाही.

वाद्याची घडणही या साथीच्या गरजेतून आली आहे. आजच्या स्पॅनिश गिटारचा आकार आणि अंतर्रचना मुख्यत्वे आल्मेरिया येथील आंतोनियो दे तोरेस (१८१७–१८९२) या कारागिराने रूढ केली. तिच्या फ्लामेंको प्रकारात मागची पाठ आणि बाजू सायप्रस या हलक्या लाकडाच्या आणि वरचा तक्ता स्प्रूसचा असतो, तारा पट्टीच्या अधिक जवळ बसवलेल्या असतात, त्यामुळे आवाज चटकन उमटतो आणि तितक्याच चटकन विरतो. नर्तकाच्या पायांच्या आघातांमध्ये आणि टाळ्यांच्या गजरात प्रत्येक स्वर सुटा ऐकू यावा, ही त्यामागची गरज आहे. तक्त्यावर चिकटवलेल्या पारदर्शक पट्टीवर अनामिकेने मारलेल्या टिचकीला ‘गोल्पे’ म्हणतात आणि त्यामुळे गिटार काही अंशी तालवाद्यही बनते. रास्गेआदो म्हणजे बोटे एकामागून एक उलगडत सगळ्या तारांवर मारलेला झपाटा, पिकादो म्हणजे दोन बोटांनी आळीपाळीने घेतलेली वेगवान सुटी स्वरपंक्ती, आणि आल्सापुआ म्हणजे अंगठ्याने खालीवर मारत एकाच वेळी स्वर आणि ठेका दोन्ही काढण्याची युक्ती. शास्त्रीय गिटारवरील त्रेमोलोत, म्हणजे एकच स्वर बोटांनी अखंड खेळवत ठेवण्याच्या क्रियेत, अंगठ्यानंतर तीन आघात येतात, तर फ्लामेंकोत चार. ही सगळी तंत्रे मेहनतीने साधतात, आणि ती मेहनत कोठेही करता येते.

साथीचे मर्म मात्र अन्यत्र आहे. फ्लामेंको गिटारवादक प्रामुख्याने दोन ठाणांतून वाजवतो: ‘पोर आरीबा’, म्हणजे पाश्चात्त्य ई स्वर षड्ज धरून, आणि ‘पोर मेदियो’, म्हणजे ए स्वर षड्ज धरून, गायकाचा आवाज ज्या पट्टीत बसतो त्यानुसार मानेवर ‘सेहिया’ नावाची चाप लावून सगळी पट्टी वर सरकवली जाते. आपल्याकडे गायक जसा पेटीवाल्याला काळी दोन किंवा पांढरी चार असे सांगतो, तसा तेथील गायक ‘चारवर, पोर मेदियो’ एवढेच सांगतो आणि बसतो. पुढे काय गायले जाईल याची तालीम झालेली नसते. गायनातील एका कडव्याला ‘लेत्रा’ म्हणतात. सोलेआची लेत्रा सामान्यतः तीन किंवा चार ओळींची असते, पण तिची चाल आल्कालाची, उत्रेराची, त्रियानाची की कादिसची, यावर कोणत्या ओळीवर कोणता स्वरमेळ हवा ते ठरते. गायक एखादा स्वर लांबवतो, ओळ तोडतो, पुन्हा उचलतो, आणि वादकाने आवर्तन न सोडता त्याची वाट पाहायची असते, तो थांबला की दोन आवर्तनांची ‘फाल्सेता’, म्हणजे गिटारची स्वतंत्र स्वररचना, वाजवून त्याला उसंत द्यायची असते. नृत्याच्या साथीत नर्तकाची ‘यामादा’, म्हणजे पायांनी दिलेली हाक, ओळखावी लागते आणि तिच्यापाठोपाठ येणारी समाप्ती त्याच्याबरोबर त्याच मात्रेवर गाठावी लागते. ज्याला गायकीच्या चाली तोंडपाठ नाहीत, त्याची बोटे कितीही तयार असली तरी तो साथीला बसू शकत नाही.

एकल वादनाची परंपरा या साथीतूनच निघाली, हे तिच्या थोर वादकांच्या चरित्रांवरून दिसते. रामोन मोंतोया (१८७९–१९४९) याने १९३६ मध्ये पॅरिस येथे एकल गिटारवादनाच्या ध्वनिमुद्रिका केल्या, पण त्यापूर्वी त्याची अनेक वर्षे आंतोनियो चाकोनसारख्या गायकांच्या साथीत गेली होती. यादवी युद्धाच्या काळात स्पेन सोडून अमेरिकेत गेलेल्या साबिकासने (१९१२–१९९०) एकल मैफलीचा पायंडा दृढ केला. आल्हेसिरास येथे १९४७ मध्ये जन्मलेल्या पाको दे लुसियाला वडिलांनी आणि थोरल्या भावाने लहानपणीच घडवले; १९७३ मधील ‘एन्त्रे दोस आग्वास’ या रुंबा प्रकारातील रचनेने त्याचे नाव घरोघरी पोहोचले, पण १९६९ ते १९७७ या काळात कामारोन दे ला इस्ला या गायकाबरोबर त्याने केलेल्या ध्वनिमुद्रिका जाणकारांना त्याहून मोलाच्या वाटतात, आणि हे मत पटण्यासारखे आहे. पाको स्वरलिपी वाचून शिकलेला वादक नव्हता. लिखित संगीतावाचून या कलेचे शिखर गाठता येते, याचा त्याच्याइतका ठळक दाखला दुसरा नाही.

परदेशी विद्यार्थ्यांच्या प्रवासाचा इतिहास पाहायचा तर सेव्हियाच्या आग्नेयेस असलेल्या मोरोन दे ला फ्रोंतेरा या गावाकडे वळावे लागते. दिएगो देल गास्तोर (१९०८–१९७३) हा हितानो वादक येथे राहत असे. त्याला गाव सोडून मैफलींच्या फेऱ्या करण्यात रस नव्हता, व्यावसायिक ध्वनिमुद्रणाचे त्याला आकर्षण नव्हते, आणि त्याचे वादन मुख्यतः गावातील मद्यगृहांत आणि घरगुती बैठकांत चाले. फ्लामेंकोवर १९६२ मध्ये इंग्रजीत पुस्तक लिहिणारा डॉन पोरेन हा अमेरिकन अभ्यासक १९६० च्या दशकाच्या मध्यास मोरोनजवळ एक मळा घेऊन राहिला आणि तेथे परदेशी पाहुण्यांची राहण्याची व बैठका ऐकण्याची सोय त्याने केली. त्यापूर्वी आणि त्यानंतरही, हातात गिटार आणि टेपरेकॉर्डर घेतलेले अनेक तरुण अमेरिका आणि युरोपातून एकेकटे या गावात आले, खोल्या भाड्याने घेऊन राहिले आणि दिएगोकडून एकेक फाल्सेता उचलत गेले. दिएगोचे वादन वेगाने दिपवणारे नव्हते. अंगठ्याचा भरदार आघात, स्वरांमधील मोकळी जागा आणि कोंपासवरील पकड ही त्याची वैशिष्ट्ये होती, आणि फेर्नांदा दे उत्रेरासारख्या गायिकेच्या सोलेआला त्याने केलेली साथ आजही नमुना मानली जाते. त्याच्या वादनाचा मोठा भाग आज ऐकायला मिळतो तो या विद्यार्थ्यांच्या खासगी ध्वनिफितींमुळे आणि त्याच्या अखेरच्या वर्षांत स्पॅनिश दूरचित्रवाणीने केलेल्या चित्रीकरणामुळे. शिकायला आलेल्या परक्यांनी परंपरेचा एक प्रवाह जपला, हे त्यांचे ऋण मान्य करायला हवे. पण त्यांतील जे केवळ फाल्सेता गोळा करून परतले आणि जे गावच्या बैठकांत टाळ्या देत वर्षानुवर्षे बसले, त्यांच्यातला फरक त्यांच्या पुढच्या वादनात उघड दिसला. दुसऱ्या गटातील काही जणांना स्पेनमध्ये व्यावसायिक साथीदार म्हणून स्थान मिळाले.

भारतीय वाचकाच्या मनात येथे आणखी एक प्रश्न येणे स्वाभाविक आहे, तो म्हणजे या कलेच्या भारतीय मुळांचा. रोमा लोकांचे पूर्वज सुमारे हजार वर्षांपूर्वी वायव्य भारतातून पश्चिमेकडे गेले, हे भाषाशास्त्राने आणि जनुकशास्त्रानेही दाखवून दिले आहे. स्पेनमध्ये ते पंधराव्या शतकाच्या पूर्वार्धात पोहोचले आणि १७४९ मध्ये तर सरकारी आदेशाने त्यांची देशभर धरपकड झाली. पण एवढ्यावरून कथकातून फ्लामेंको निघाला किंवा सोलेआ ही रागसंगीताची लेक आहे, असे म्हणणे पुराव्याला धरून नाही. मधल्या शतकांतील प्रवास, आंदालुसियातील लोकगीते, अरबी आणि ज्यू संगीताचा वारसा, गुलामगिरीतून आणि व्यापारातून आलेले आफ्रिकी व अमेरिकी ताल, या सगळ्यांचा त्यात वाटा आहे. साम्य आहे ते स्वरांचे, आणि ते अभ्यासकाला उपयोगी पडणारे आहे. फ्लामेंकोचे मुख्य सप्तक म्हणजे ऋषभ, गांधार, धैवत आणि निषाद कोमल असलेले, म्हणजेच आपल्या भैरवी थाटाचे सप्तक. मात्र विसाव्याचा स्वरमेळ शुद्ध गांधाराचा असल्याने दोन्ही गांधार त्यात नांदतात आणि शुद्ध गांधाराच्या जागी बसंत मुखारीची आठवण येते. मध्यम, कोमल गांधार, कोमल ऋषभ आणि षड्ज या पायऱ्यांवरील चार स्वरमेळ क्रमाने उतरत येतात, यालाच आंदालुसियन उतार म्हणतात, आणि तो ओळखता आला की बहुतेक फाल्सेतांची दिशा कळते. या दोन संगीतपरंपरांनी एकत्र येण्याचे प्रयत्नही झाले आहेत. झाकीर हुसेन यांच्यासह ‘शक्ती’ हा वाद्यवृंद उभारणाऱ्या जॉन मॅक्लॉफ्लिनने पुढे पाको दे लुसियाबरोबर वाजवले, आणि अनुष्का शंकर यांचा २०११ मधील ‘ट्रॅव्हलर’ हा संग्रह फ्लामेंकोच्या कलावंतांसह झाला.

शिकायला कोठे जावे, याचे उत्तर हेतूवर अवलंबून असते. कोर्दोबा येथील उच्च संगीत विद्यालयात फ्लामेंको गिटारचा पदवी अभ्यासक्रम आहे आणि त्या शहरात १९८१ पासून उन्हाळ्यात गिटार महोत्सव भरतो. तेथे ख्यातनाम वादकांचे अल्पमुदतीचे वर्गही होतात. सेव्हिया येथील क्रिस्तिना हीरेन प्रतिष्ठानाच्या शाळेत गायन, वादन आणि नृत्य ही तिन्ही अंगे एकाच छताखाली शिकवली जात असल्याने वादकाला साथीचा सराव मिळतो. माद्रिदमध्ये १९५० च्या दशकापासून चालत आलेले आमोर दे दिओस हे केंद्र मुख्यतः नृत्याचे. पण नृत्यवर्गात साथीला बसण्याची संधी मिळाली, तर गिटारच्या विद्यार्थ्यासाठी तीच सर्वांत कठोर आणि सर्वांत फलदायी शाळा ठरते, कारण नर्तक चुकीच्या मात्रेला क्षमा करत नाहीत. ग्रानादात साक्रोमोंते टेकडीवरील गुहांची परंपरा आणि गिटार बनवणाऱ्यांच्या जुन्या कार्यशाळा आहेत.

तरीही साथीचे अंग शिकायचे असेल, तर हेरेस दे ला फ्रोंतेरा या शहराला तोड नाही. सांतियागो आणि सान मिगेल या तेथील दोन वस्त्यांत पिढ्यान्‌पिढ्या गाणारी कुटुंबे आहेत, बुलेरिया हा तेथील घरचा प्रकार आहे, आणि मोराइतो चिको (१९५६–२०११) यांच्यासारख्या वादकाने साथीलाच आपले सर्वस्व मानून नाव मिळवले ते याच मातीत. येथे फेब्रुवारी–मार्चमध्ये १९९७ पासून मोठा महोत्सव भरतो, डिसेंबरात नाताळची गाणी फ्लामेंकोच्या ठेक्यावर अंगणांतून रंगतात, आणि वर्षभर ‘पेन्या’ म्हणून ओळखली जाणारी रसिकमंडळे व ‘ताबांको’ नावाची जुनी मद्यगृहे गाण्याला आसरा देतात. पर्यटकांसाठी रोज ठरलेल्या वेळी होणारे ‘ताब्लाओ’ रंगमंचावरील प्रयोग पाहावेत, पण त्यांवर विसंबू नये.

भारतीय विद्यार्थ्याला कागदपत्रांची बाजू वेळीच पाहावी लागते. शेंगेन क्षेत्राचा अल्पमुदतीचा व्हिसा १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहू देतो आणि त्यासाठी किमान ३०,००० युरोंचे वैद्यकीय विमासंरक्षण लागते. त्याहून अधिक काळ राहायचे तर विद्यार्थी व्हिसा आणि त्यासाठी मान्यताप्राप्त संस्थेतील प्रवेश हवा, एखाद्या वादकाकडे खासगी शिकवणी लावणे त्यासाठी पुरत नाही. मुंबईत स्पेनचा वाणिज्य दूतावास असल्याने महाराष्ट्रातील अर्जदारांना चौकशी जवळच करता येते. भाषेची तयारी याहून महत्त्वाची. आंदालुसियातील बोलण्यात शब्दांच्या शेवटची व्यंजने गळतात, त्यामुळे पुस्तकी स्पॅनिश शिकलेल्यालाही सुरुवातीला गोंधळल्यासारखे होते. पण भाषा येत नसेल तर धडा कळेल आणि बैठक कळणार नाही. वाद्याचीही काळजी आहे. ब्राझिलियन रोझवुडच्या जुन्या गिटारवर आंतरराष्ट्रीय वन्यजीव व्यापार कराराचे कडक निर्बंध असल्याने असे वाद्य सीमेपार नेताना परवान्याची गरज पडू शकते. सायप्रसच्या गिटारला ही अडचण नसते, पण आंदालुसियाच्या कोरड्या हवेत घेतलेले वाद्य कोकणातल्या किंवा मुंबईतल्या पावसाळ्यात आणले की लाकूड फुगते, म्हणून पेटीत आर्द्रता ४५ ते ५५ टक्क्यांच्या आसपास राखावी लागते.

एकट्याने राहण्याचा खरा कस दुपारी लागतो. उन्हाळ्यात दुपारी गावे निपचित पडतात, जेवणाच्या आणि मैफलींच्या वेळा रात्री उशिराच्या असतात, भिंती पातळ असलेल्या खोलीत तासन्‌तास सराव केला तर शेजारी तक्रार करतात, आणि या एकांतात विद्यार्थी पुन्हा आपल्या बोटांच्या सरावात बुडून जाण्याचा धोका असतो. एकट्याने येण्याचा फायदाही येथेच आहे: ज्याच्याबरोबर स्वदेशातील सोबती नाही, त्याला गावातल्या माणसांशी बोलण्यावाचून गत्यंतर नसते, आणि रोज त्याच मद्यगृहात शांतपणे ऐकत बसणाऱ्या परक्याला काही आठवड्यांनी जागा करून दिली जाते. न विचारता गिटार काढणे, गायक गात असताना मोठ्या टाळ्या वाजवणे किंवा परवानगीवाचून ध्वनिमुद्रण करणे या गोष्टी मात्र माफ होत नाहीत. स्त्रियांसाठी वाट अधिक चढणीची आहे, कारण गिटार हा दीर्घकाळ पुरुषांचा प्रांत मानला गेला. तरी आंतोनिया हिमेनेससारख्या वादक आज नृत्याच्या आणि गायनाच्या साथीत प्रतिष्ठेने उभ्या आहेत, आणि शिकायला येणाऱ्या मुलींकडे आता पूर्वीसारखे नवलाने पाहिले जात नाही.

महाराष्ट्रातून किंवा गोव्यातून या प्रवासाचा विचार करणाऱ्यांनी तिकीट काढण्याआधी निदान वर्षभर गायन ऐकावे: आंतोनियो माइरेना, फेर्नांदा दे उत्रेरा, तेर्रेमोतो दे हेरेस आणि कामारोन यांच्या सोलेआ आणि बुलेरिया कानांत पक्क्या बसू द्याव्यात, बारा मात्रांचा ठेका टाळ्यांवर न चुकता धरता यावा, आणि रोजच्या संभाषणापुरते स्पॅनिश बोलता यावे. एवढी तयारी असलेल्या विद्यार्थ्याला हेरेसमधील तीन आठवडेही पुष्कळ काही देतात. ती नसेल तर सेव्हियातील पूर्ण वर्षही फाल्सेतांच्या संग्रहापलीकडे फारसे काही देत नाही.